सासूबाईंचं पोट आणि माझी मिरची

३ फेब्रुवारी, मंगळवार

परत तेच! सासूबाईंच्या पोटात आग, आणि गुन्हेगार कोण – तर माझी मिरची. शेजारच्या रविनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सून आली आणि माझं पोट गेलं." मला या घरात येऊन सोळा वर्षं झाली. पोट दुखतंय तीन महिने. पण त्यांच्या तोंडी कोण लागणार?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज चर्चमधल्या बायकांची उपास-प्रार्थना. सासूबाईंनी अन्नाचा कण घेतला नाही, गुडघ्याची गोळी मात्र घेतली. रिकाम्या पोटी! गोळी नवापूरच्या मेडिकलवाल्या रतिलालकडची. "दुखस तं एक लेवानी," म्हणे तो. या दोन घेतात.

मी गावची आशा कार्यकर्ती. घरोघर फिरून लोकांना शहाणं करते, घरात मला कुत्रं विचारत नाही. नवरा तर नंदीबैल – आई बोलली की रोशनची मान हलली. आज त्यानं चटणीचा पाटाच उचलून मागच्या दारी ठेवला. स्वतः काल तीच चटणी बोटं चाटून खाल्ली होती.

१२ फेब्रुवारी

सासूबाई पांढऱ्याफटक दिसतात. चार पावलांत दम लागतो. माझ्या पिशवीतल्या रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. घेताना तोंड असं केलं, जणू विषच देतेय.

१७ फेब्रुवारी

आज नवीन नाटक. "प्रिस्किला, शी काळी होतेय. डांबरासारखी." रक्तवाढीच्या गोळीनं काळी होतेच – गावात शंभर बायकांना हेच सांगितलंय, त्यांनाही सांगितलं. वर म्हटलं, उगाच घर डोक्यावर घेऊ नका. पुढची गोळी निमूट घेतली. बरं झालं.

२१ फेब्रुवारी

पहाटे उलटीत रक्त. जीप करून मोठ्या दवाखान्यात आणलं. दोन पिशव्या रक्त चढवलं. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस काढला असता तर हाती लागल्या नसत्या.

२२ फेब्रुवारी

तोंडातून दुर्बीण घालून बघितलं. जठरात जखम – अल्सर. त्यातूनच रक्त जात होतं. डॉक्टर रोशनला म्हणाले, "मिरचीनं अल्सर होत नाही. या दुखण्याच्या गोळ्यांनी केलंय, आणि पोटात जंतूही सापडलेत." आता जंतूंसाठी चौदा दिवस गोळ्या, एकही चुकवायची नाही. आम्ल कमी करायची वेगळी. गुडघ्याची कायमची बंद.

ऐकलंत ना, रोशनराव? मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "म्हणजे मिरचीचा काही संबंध नाही ना, डॉक्टर?" दोनदा विचारलं. फार बरं वाटलं.

२३ फेब्रुवारी

सकाळी डॉक्टर तपासायला आले. "आजी, अशी काळी शी म्हणजे पोटातलं रक्त. कधीपासून होत होती? घरात आशा असून सांगितलं नाहीत?"

मी सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिले.

सासूबाई म्हणाल्या, "नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तिनं त्याच दिवशी आणलं असतं मला."