नळी घालू नका

८ जानेवारी १९७८, रविवार

आकारामला बघून आलो. जायला नको होतं!

मुन्सिपाल्टीच्या पाणी खात्यात आम्ही दोघांनी जन्मभर नळाच्या चाव्या फिरवल्या. गंजून बसलेली चावी त्याने हात घातला की सुटायची. तेच हात आज पलंगाला बँडेजने बांधलेत. का, तर तो नाकातली नळी उपसून काढतो. नाकात एक नळी, दंडात एक, खाली एक. डोळे उघडे. मला ओळखलं की नाही, देव जाणे.

त्याची बायको बायडाबाई बाहेर बाकावर बसली होती. म्हणाली, "भावजी, डॉक्टर म्हणत्यात आता काय उपेग न्हाई. न्यायचं तर सही करून घरी न्या. मी कशी सही करू? माज्या हातानं?"

चालतच घरी आलो. जेवण गेलं नाही.

९ जानेवारी

छातीत कळ. गॅस असेल. नसला तर?

१० जानेवारी

मुलाला, बाळासोला सांगून टाकलं. शाळेतून येऊन चहा पीत होता. म्हटलं, "मला तसं काही झालं तर पलंगाला बांधायचं नाही. नळी घालायची नाही. घरी आणा, भुईवर ठेवा, तोंडात पाणी घाला. बास."

"अण्णा, आत्ता काय झालंय तुम्हाला? चहा घ्या."

मास्तर झाल्यापासून बापालाही वर्गातलं पोर समजतो. आतून सूनबाई— "मामा, तिन्हीसांजेचं असलं अभद्र बोलू नये."

मग बोलावं कधी? सकाळी नको, दिवस वाईट जातो. जेवताना नको. सणाला नको. आणि संक्रांत तर तोंडावर आलेली!

१२ जानेवारी

गल्लीतल्या आमच्या डॉक्टरांकडे गेलो. विचारलं, स्टँपावर लिहून ठेवलं तर चालेल का? ते हसले. म्हणाले, "स्टँप जागा घेण्या-विकण्याला. तुम्ही बेशुद्ध पडल्यावर तुमचा कागद कोण वाचणार? घरचे म्हणतील तसं होतं. सही बायकोची, नाहीतर मुलाची. त्यांना पटवा." वर तंबाखू सोडा म्हणाले. तंबाखू सोडून काय, आणखी जगू?

अख्ख्या पेठेचं पाणी कधी सोडायचं, कधी बंद करायचं, ते माझ्या हातात होतं. माझं स्वतःचं मात्र नाही.

आज नाडी मोजत बसलो. मध्येच चुकते. का माझीच मोजणी चुकते?

१४ जानेवारी, संक्रांत

दुपारभर हळदीकुंकवाच्या बायका. ही काळी चंद्रकळा नेसून मिरवत होती. मी मागच्या पडवीत. सगळ्या गेल्यावर तिळगूळ द्यायला आली, तेव्हा बोलून टाकलं. म्हटलं, सही मागतील तर तू कर, पण मला घरी आण.

"सणाचं त्वांड गोड करायचं, त्ये सोडून ह्ये काय काढलंसा?"

"मग कधी काढू?"

तिने ताटली खाली ठेवली. आणि मग जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो. "सही-बिही म्या करणार न्हाई. आधी मी जाणार. भरल्या कपाळानं. तवर तुमच्या नाकातनं नळी घालूंदेत, न्हाईतर कानातनं घालूंदेत, पर तुमास्नी मी जितं ठिवणार! मी गेल्यावर मग काय घालायचा त्यो गोंधळ घाला."

मी हसलो. म्हटलं, "अगं, मी तुझ्यापेक्षा केवढा मोठा. त्यात दम्याचा. तू अजून पाण्याची घागर डोक्यावर आणतेस. तू कशी आधी जाशील?"

"त्ये मला म्हाईत न्हाई. अंबाबाईला सांगून ठिवलंय."

म्हणजे हिचं कुंकू टिकावं म्हणून मी पलंगाला बांधून पडायचं! हा कुठला न्याय? आणि हे सांगावं कुणाला? ऐकणारा तिचीच बाजू घेणार.

१५ जानेवारी

अबोला. काल गोड बोला म्हणत गावभर तिळगूळ वाटला, आणि घरात हे.

१९ जानेवारी

आकाराम गेला. दवाखान्यातच. बायडाबाईने शेवटपर्यंत सही केली नाही.

हात सोडल्यावर मनगटांवर वळ दिसत होते. मी त्यावर धोतराचं टोक ओढलं. मातीहून आलो तेव्हा हिने अंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "बायडाबाईचं बरुबर हाय. हात बांधलं हुतं, पर तिचं कुक्कू हुतं." थोड्या वेळाने म्हणाली, "आता पुसलं."

भांडणार होतो. दम लागला. राहू दे.

२६ जानेवारी

बाळासो झेंडावंदन करून आला आणि माझ्याजवळ येऊन बसला. आकारामचं त्याच्याही मनाला लागलेलं दिसतंय. म्हणाला, "अण्णा, तुमच्या मनासारखं होईल. नळी नाही. सही मी करीन. आईला आत्ता काही बोलू नका."

मी त्याचा हात धरला. किती वर्षांनी, काय माहीत.

जेवण गेलं. हिने विचारलं, आज कसली एवढी भूक? म्हटलं, थंडीची.

४ फेब्रुवारी

ही न्हाणीत चक्कर येऊन पडली. सूनबाई लुगडं बदलायला गेली आणि रडतच बाहेर आली. छातीला गाठ आहे. लिंबाएवढी. वरची कातडी काळीनिळी पडलेली.

डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून आहे? ही म्हणते— "झालं की वरीस."

वरीस! एका घरात, एका पडवीत! कुणाला शब्द नाही.

६ फेब्रुवारी

काखेतही गाठी आहेत. डॉक्टर म्हणाले, मिरजेला नेऊन कापावं लागेल. कापल्यावरही खात्री नाही. मला मधली वाक्यं ऐकूच आली नाहीत.

७ फेब्रुवारी

म्हटलं, उद्याच मिरजेला जायचं. कापायचं तर कापू दे, काय लागेल ते करू दे. मी ओरडतच होतो बहुतेक.

ही चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमास्नी नळी नको, मग मला सुरी कशापायी?"

मी बाळासोकडे बघितलं. तो खाली बघत राहिला. मला वचन दिलेला मुलगा तिला कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

"मी कुटं जाणार न्हाई," ती म्हणाली. "हितंच. आन् म्हणलं न्हवतं मी, आधी मी जाणार म्हणून?" आणि हसली! भाकरी तव्यावर टाकली आणि हसली.

संक्रांतीला तिला सगळं ठाऊक होतं. आणि मी म्हणत होतो, तू कशी आधी जाशील?

९ फेब्रुवारी

सकाळी चुलीची लाकडं उचलली आणि छातीत पुन्हा कळ. या वेळी डावा हात जड झाला, अंगभर घाम. डॉक्टरांनी घरी येऊन इंजेक्शन दिलं. गॅस नाही म्हणाले. हृदय आहे. पुन्हा येऊ शकतं, केव्हाही.

ही दिवसभर उशाशी. रागावली नाही, रडली नाही. माझ्या छातीवर हात ठेवून लहान पोराला समजावावं तसं एवढंच म्हणत होती— "आत्ता न्हाई हं. आत्ता न्हाई."

१० फेब्रुवारी

पडून लिहितोय. बाळासोला बोलावून वचनातून मोकळं केलं. मला काही झालं तर नाकातून घाला, घशातून घाला, हात बांधावे लागले तर बांधा.

ही आहे तोवर.