मीठ न घातलेली भाजी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर वाकत नाही, म्हणून कागदावरच). दाजींचा गुडघा काय म्हणतो? आमच्याकडे सगळे ठीक. तुझी भावजय जाऊन परवा चार महिने झाले, तेव्हा 'सगळे' म्हणजे मी आणि माझा पंप.

तुला ठाऊकच आहे, शेवटचं वर्षभर आमचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. भाजी खारट! मी ताट सरकवायचो आणि ती म्हणायची, "अहो, हल्ली मी मीठ घालतच नाही." यावर कोण विश्वास ठेवील? (चहा नासायचा, त्याचं खापर दूधवाल्यावर. दोन दूधवाले बदलले.) प्यायला नळाचं पाणी आणि स्वयंपाकाला विहिरीचं, त्यामुळे विहिरीची चव मी कधी घेतलीच नाही.

खानावळीला कंटाळून मागच्या आठवड्यात स्वतःच भाजी टाकली. मिठाचा डबा उघडला तर आत दगड झालेला, चमचा त्यात रुतून बसलेला. कितीतरी महिन्यांत त्याला कुणाचा हात लागला नव्हता. म्हटलं, जाऊ दे, अळणी खाऊ. पहिल्याच घासाला तोंड खारट झालं. ताई, मी ओट्यापाशीच खाली बसलो आणि रडलो.

मग पाणी तपासणारी बाई बोलावली. समुद्रकाठी जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर असतं म्हणे, दुधावर साय असते तसं. साय ओरबाडली की खालचं वर येतं. त्यात दोन वर्षं पाऊस कमी. "पण या एवढ्याशा गल्लीत एवढे पंप बसवले कुणी?" तिने विचारलं. मी म्हटलं, असेल कुणी हौशी. (गल्लीतले अकराही मीच बसवले, धंदाच तो माझा. आपल्या विहिरीला तर दुप्पट ताकदीचा.) म्हणजे भाजीत मीठ मी घालत होतो आणि बोलणी ती खात होती.

पंप काढून ठेवलाय, आता दोरी-बादली. पाणी गोडं व्हायला बरीच वर्षं लागतील म्हणाली ती तपासणारी. लागू देत.

तुझा,
धाकटा

ता. क. येताना तुमच्याकडचं पाणी दोन कॅन आण. एकदा भाजीत मीठ घालून पाहायचंय.

ता. क. दुसरा : अक्षर फुटलंय ते विहिरीचं पाणी सांडून. चाखून बघू नकोस, फरक कळणार नाही.

ता. क. तिसरा : पाणी राहू दे. ती तुला फोन करायची, तेव्हा माझ्याबद्दल काय बोलायची तेवढं सांग. काहीच बोलली नसेल, तर तिच्या नावाने तूच मला दोन शिव्या घाल.