मामींच्या अटीसाठी पाहिलेली बाग

देरा, दुबई
जुम्मा, दुपारची नमाज झाल्यावर
१९६२

रा. रा. मुनीर मास्तर यांस,

अस्सलामु अलैकुम. तुझी तब्येत, शाळेची तब्येत आणि शाळेवरच्या कौलांची तब्येत कशी आहे ते सविस्तर कळव. यंदा कौलं शाकारलीत का, की मुलं अजून छत्री उघडून पाढे म्हणतात? हव्वाबी मामींच्या गुडघ्याला उतार आहे का? त्यांना माझा अदबीने सलाम सांग. त्या माझ्या सासूबाई झाल्या तुझ्या बहिणीशी, खतीजाशी, माझा निकाह झाल्यावर, पण मामी आहेत मी जन्मल्यापासून, त्यामुळे त्यांचा धाकही मला दुहेरी आहे. खतीजालाही सलाम. (तिला आणखी काय सांगायचं ते तिचं तिला ठाऊक आहे. तू इथे नुसता खोक आणि पुढे जा.)

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे पत्र तू पडवीत बसून मामींना मोठ्याने वाचून दाखवणार, हे मला माहीत आहे. तर कंसात जे असेल ते तुझ्यापुरतं. ते तोंडाने वाचायचं नाही. मास्तर आहेस, कंस ओळखता येत असतील अशी आशा आहे.

तर मामींची अट. मागच्या पत्रात त्यांनी तुझ्या हातून कळवलं होतं, की ज्या मुलखात डोळ्याला हिरवं पान दिसत नाही तिथे मी माझी पोर धाडणार नाही; आधी हिरवं दाखव, मग आगबोटीचं बोल. अट एकदम वाजवी आहे. मामींच्या परसात नारळ, रातांबा, केळी, फणस. अशा घरची मुलगी उघड्या वाळूत कशी पाठवायची? म्हणून मी ठरवलं, की उगाच बढाया मारायच्या नाहीत, स्वतः जाऊन हिरवं पाहायचं आणि मगच लिहायचं. (खरं सांगू? इथे आमच्या गुदामापुढे एक बाभळीसारखं काहीतरी आहे. त्याच्यावर पानं आहेत की शेजाऱ्याच्या बकरीने शिल्लक ठेवलेले काटे आहेत, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.)

माझा खोलीतला जोडीदार याकूब, आपल्या श्रीवर्धनकडचा, लँडरोव्हर चालवतो. तो म्हणाला, खाडीपलीकडे समुद्राच्या अंगाला एका गोऱ्या साहेबाने बोटॅनिकल गार्डन केलंय. साहेब आधी वेस्ट इंडीजच्या कुठल्याशा बेटावर नोकरीला होता. तिथे एक छोटी सरकारी बाग होती, ती त्याच्या मनात इतकी भरली, की हुबेहूब तशीच बाग त्याने इथे बंगल्यामागे उभी केली आहे. जुम्म्याच्या दिवशी लोकांना दाखवतो. मी लगेच बुशशर्टाला इस्त्री केली. पांढरा, निकाहाच्या वेळी शिवलेला. एवढ्या मोठ्या बागेत जायचं तर कपडे नकोत का?

अब्रा म्हणजे इथली तर, माणसं पार नेणारी होडी. मागच्या जुम्म्याला तिच्यात बसून खाडी ओलांडली, पुढे याकूबची गाडी. (खाडीवर पूल होतोय. मामींना पूल आवडतात का ते विचार. आवडत असले तर पुलाचंही मी लिहीन.) वाटेत वाळू, मग वाळू, मग थोडी वेगळ्या रंगाची वाळू, आणि एकदम खजुराच्या झापांचा कूड. आत बाग.

मामी, बाग फार मोठी! कुठून सुरू होते आणि कुठे संपते ते एका नजरेत सांगता येत नाही. (कारण दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. आपल्या मशिदीच्या हौदाभोवती जेवढी जागा, तेवढी. आम्ही दोघं आत शिरलो तेव्हा आधी आलेल्या पाहुण्यांपैकी एका बाईला बाहेर सरकून उभं राहावं लागलं.) प्रत्येक झाडापुढे पत्र्याची पाटी, पाटीवर दोन दोन नावं, आणि पाण्याला कसलीही ददात नाही. (गाढवावरून डबे येतात. ते पाणी इतकं मचूळ, की गाढवसुद्धा तोंड लावत नाही. पण साहेब स्वतःचं प्यायचं पाणी झाडांना घालतो आणि स्वतः सोडा पितो, असं याकूब सांगतो. तेवढ्यासाठी माणूस मला बरा वाटला.)

साहेब म्हातारा, गुडघ्यापर्यंत चड्डी, हातात छडी. त्याने एकेक झाड दाखवायला सुरुवात केली. पहिलं झाड अतिशय दुर्मीळ, त्या बेटावरचे लोक त्याच्या पानांचं कालवण करतात म्हणे. मी मान पुढे काढून पाहतो तर अळू! मुनीर, अळू! आपल्या न्हाणीच्या सांडपाण्यावर माजतं, बकऱ्या कंटाळतात, ते अळू इथे पत्र्याची पाटी लावून उभं होतं, आणि पाहुणे त्याच्यापुढे टोपी काढून गप्प. त्यानंतर गवती चहा. मग पपई, कमरेएवढी, चेहरा पडलेला. मग साहेबाने सगळ्यांना मागे सरायला सांगितलं, खाली वाकला आणि छडीचं टोक एका झुडपाला हळूच लावलं. पानं मिटली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. लाजाळू! शाळेत जाताना आपण वाटभर पायाने मिटवत जायचो, तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, उलट उशीर झाला म्हणून तुझ्या आणि माझ्या हातावर छड्या बसल्या. मामी, तुमच्या परसातलं सगळं इथे आहे, यात खोटं एक अक्षर नाही.

आता केळ. बागेचा सगळा मान त्या एका केळीला. तिच्यावर मच्छरदाणीचं छत आणि समोर साहेबाची मॅडम तिवईवर कागद लावून रंगाने तिचं चित्र काढत बसलेली. केळीला इवलासा घड आणि खाली लोंबणारं केळफूल. अहाहा! तीन वर्षांत मी केळफूल पाहिलं नव्हतं. (इथून पुढे मामींना काहीही वाचून दाखवू नकोस. कंस बंद होईल तो थेट शेवटी. मामी विचारतील तर सांग, शाई पसरली आहे.

तू सांग, घडाच्या फण्या धरून झाल्यावर खाली लोंबणारं केळफूल आपल्याकडे कुणी ठेवतं का? घड पोसायचा तर ते मोडायचंच. मामी स्वतः जाता येता मोडतात आणि मोडलं नाही तर आपल्याला आळशी म्हणतात. साहेब पाहुण्यांकडे तोंड करून भाषण देत होता, मॅडम ब्रश धूत होती, आणि माझा हात गेला. मी काही ठरवलं नव्हतं रे! हाताला सवय, तो गेला, पीळ दिला, कट्‌ करून आवाज आला. सवयीने मी ते अदबीने मॅडमपुढे धरलं आणि म्हणालो, "मॅडम, भाजी. व्हेरी गुड भाजी."

मॅडमने आधी फुलाकडे पाहिलं, मग केळीकडे, मग आपल्या चित्राकडे. चित्रात फूल अर्धंच झालं होतं. कितीतरी जुम्मे ती ते काढत होती, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी नेमकी त्याच दिवशी चांगलं ऊन पडण्याची वाट पाहत होती. ती रडायलाच लागली. साहेब आधी पांढरा पडला, मग लाल. तो काय म्हणाला ते मी लिहीत नाही, कारण ते इंग्रजी आपल्या शाळेत शिकवलेलं नव्हतं. याकूब मागून म्हणाला, "खलास! यल्ला शौकत, गाडीत बस."

बसलो. गाडी सुरू झाली आणि फाटकासमोरच चाक वाळूत रुतलं. ज्या साहेबाने आम्हाला हाकललं, त्यालाच पाहुण्यांसकट बाहेर येऊन ढकलावं लागलं, कारण आम्ही तिथून जावं ही त्याची आमच्यापेक्षा जास्त निकड होती. मी उतरून ढकलू लागलो तर ओरडला, "डोन्ट टच एनीथिंग!" म्हणून मी आत बसून राहिलो आणि गोरे लोक मला ढकलत होते. आपल्या वाडवडिलांनी हे पाहायला हवं होतं. पण मला हसू आलं नाही. शर्टावर केळीचा चीक गळला होता, तोच निकाहाचा शर्ट. तो डाग जात नाही, तुला माहीत आहे.

केळफूल हातातच राहिलं होतं. खोलीवर आलो, सुके सोडे घालून शिजवलं. हाताला तेल लावायचं विसरलो, निवडून पाण्यात ठेवायचं विसरलो, आतली कडक काडी काढायची राहिली. काळं, कडूजहर झालं. याकूबने एक घास घेतला आणि खजूर खायला बाहेर गेला. मी सगळं खाल्लं. लग्नानंतरच्या त्या दोन महिन्यांत खतीजाने एकदाच केळफूल केलं होतं, आणि मी मीठ कमी आहे म्हणालो होतो. मूर्ख माणूस.)

तर असं आहे, मामी. बाग उत्तम, झाडं ओळखीची, साहेब मला नावानिशी ओळखतो. तुमच्या अटीत आता काही उणं राहिलं असेल असं मला वाटत नाही. पुढच्या आगबोटीने खतीजाला पाठवायचं मनावर घ्यावं. इन्शाल्ला, मी धक्क्यावर उभा असेन.

तुमचं लेकरू आणि जावई,
शौकत

ता. क. मामींना हेही वाचून दाखव. साहेबाची बदली होते आहे, परत त्या वेस्ट इंडीजच्या बेटावर. त्याने मला बागेत कामाला येतोस का विचारलंय. ते बेट म्हणे अथपासून इतिपर्यंत हिरवं, वाळू फक्त कडेला. तिथे आगबोटीने जायला किती दिवस लागतात ते याकूबलाही सांगता येईना, आणि तिथून माहेरपणाला आलेलं अजून कुणी ऐकिवात नाही. मामींनी हिरवं मागितलं होतं, जवळ मागितलं नव्हतं. दुबई पसंत नसेल तर मी साहेबाला होकार देतो आणि खतीजाला तिकडेच घेऊन जातो. काय ते उलट टपाली कळवावं.

आणखी ता. क. (हे मात्र फक्त तुला. साहेबाने असं काहीही विचारलेलं नाही. त्याची बदलीही नाही. तो मला गवताच्या काडीजवळसुद्धा उभं करणार नाही. पण मामींना हे खरं म्हणूनच सांग, आणि सांगताना हसू नकोस. तुझा चेहरा तुला दगा देतो, म्हणून दिव्याकडे पाठ करून वाच.

खतीजाला मात्र सगळं खरं सांग. बागेचं, शर्टाचं, भाजीचं. इथे हिरवं काही नाही, पाणी मचूळ आहे, उन्हाळ्यात भिंतीला हात लावता येत नाही. मी आहे. मला तिच्यावाचून करमत नाही. एवढ्यावर यायचं असेल तर ये म्हणावं.)