पिवळं कार्ड कोणाचं

मी, वय वर्षे सहासष्ट, अविवाहित, पूर्वी राष्ट्रीय महिला फुटबॉल संघाच्या मधल्या फळीतली खेळाडू, नंतर शाळेत खेळाची शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. गुडघे गेले, डोकं जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाचा दबाव नाही. तो मैदानावरही फारसा कोणाला जमला नाही.

१. राहत्या दोन खोल्या माझ्या धाकट्या बहिणीला. न्हाणीघरातल्या नळाच्या गरम-गारच्या खुणा उलट्या लागल्या आहेत, हे तिने लक्षात ठेवावं.

२. बँकेतली ठेव शाळेतल्या मुलींच्या संघाला. बूट घ्यावेत, करंडकांसाठी कपाट घेऊ नये. चेंडू पायाशी येण्याआधी दोनदा मान वळवून मागे कोण आहे ते बघायचं, एवढं मात्र त्यांना फुकट शिकवावं.

३. माझी शिट्टी आमच्या संघात आघाडीला खेळणाऱ्या मैत्रिणीला, जिला आम्ही 'धांदल' म्हणायचो. अकरा वर्षं मी तिच्या पायात चेंडू घातले आणि फोटो तिचे छापून आले. मनात काही नाही. होतं, ते इथे लिहून टाकलं.

४. आमच्या पहिल्या प्रशिक्षकांना काही नाही. "पोरींचा दम तो केवढा, मधे पळणार कोण?" असं ते म्हणाले होते. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, तरी नोंद असावी.

५. ~~माझं सुवर्णपदक बहिणीला.~~ कारण सांगणं भाग आहे. ज्या स्पर्धेचं हे पदक, तिच्या उपांत्य सामन्यात आम्ही दोघी होतो, ती बचावात, मी मधे. बॅग दोघींत एकच. मध्यंतरात चिखलाचे शर्ट बदलताना मी तिचा चार नंबर चढवला आणि तिने माझा सहा. चेहरे सारखे, त्यात चिखल. कोणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी शेवटी समोरच्या मुलीला मी मागून पाडलं. बहीणही त्याच झटापटीत होती. पंचांनी पिवळं कार्ड काढलं आणि वहीत चार नंबर लिहिला. तिचं ते दुसरं कार्ड, म्हणजे तिला अंतिम सामना बंद.

शर्ट काढताना पाठीवरचा आकडा पाहिला आणि माझ्या लक्षात आलं. प्रशिक्षक तिच्यावर ओरडत होते. ती म्हणाली, "लागला असेल माझाच पाय." मी बुटाची नाडी सोडत राहिले. अंतिम सामन्याला निवड समिती आली, मला राष्ट्रीय संघात घेतलं. ती पुढच्या वर्षी कापडाच्या दुकानात लागली, पुन्हा खेळली नाही. त्रेचाळीस वर्षं हे मी गिळून बसले. मला लाज वाटते. कार्ड माझ्या नावावर करावं, असं महासंघाला लिहिलेलं पत्र सोबत आहे. ते ~~माझ्या मृत्यूनंतर~~ पाठवावं.

पुरवणी. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. बहीण तर साक्षीच्या सहीसाठी पेन घेऊन आली होती. सही का नको, हे सांगताना सगळंच वाचून दाखवावं लागलं. तिने उभ्यानेच ऐकलं. मग म्हणाली, "ताई, आधी मी मेले असते, तर?"

मी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द खोडले.

"आणि ज्या सामन्यात मी नव्हते, त्याचं पदक मला कशाला?" तिने ते वाक्य खोडलं, पत्र पर्समध्ये टाकलं आणि टपालात टाकायला निघून गेली. अजून परतलेली नाही. मी जेवायची थांबले आहे.

पदकाचं वाक्य तिने खोडलं, मृत्यूचे शब्द मी. दोन्ही खोडाखोडी मला मान्य आहेत. समासात सही केली आहे.

साक्षीदार: १. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकू (सही) २. शाळेच्या मैदानाचे माळी (सही)

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: १४ मार्च, दुपारी दोन

मृत्युपत्र करणारी (सही)