मंडळी पुढल्या महिन्यात येणार

१० जानेवारी १९५७
मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि मी पुण्याहून झरीच्या शाळेत. एकच राज्य म्हणे! इथली बोलण्याची रीत पाहता मी परदेशातच आहे. पुण्यात शेजाऱ्याशी तीन वर्षांत दोनदा बोललो, दोन्ही वेळा नळाबद्दल. इथे शाळेपर्यंत सात जणांनी विचारलं, "जेवलात का, मास्तर?" सकाळचे आठ वाजले होते. संकल्प: सर्वांना एकच उत्तर. "हो."

१४ जानेवारी
घरमालक ईश्वरअप्पा कायम ओट्यावर. आज पगार, गाव, गुडघेदुखी, सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, मंडळी कुठं हायती? मंडळी म्हणजे बायको; इंदूला जाऊन दीड वर्ष झालं हे सांगितलं असतं, तर कशानं, कवा, लेकरं किती, यात संध्याकाळ गेली असती. म्हणालो, पुण्यात आहे, येईल पुढल्या महिन्यात. विषय कायमचा मिटवला. मोजकं बोलण्याचे फायदे!

१५ जानेवारी
विषय मिटला नाही. अप्पांच्या पत्नी शिवम्मा, त्यांनी विहिरीवरून ओरडून विचारलं, वैनीला आंबट चालतंय का? चालतं म्हणालो. खरंच फार आवडायचं.

२ मार्च
तिच्या आईच्या आजारपणावर एक महिना ढकलला. आता रोज: पत्र आलं का, आईची तब्येत कशी हाय? नाइलाजानं इंदूचं जुनं पत्र ओट्यावर वाचून दाखवलं. "हिंग संपलाय, येताना आणा." अप्पा म्हणाले, लय संसारी बाई हाय. ऐकून बरं वाटलं. हे कुणाला सांगायचं नाही.

३ मार्च
हिंग आणला. थाप नीट पचावी म्हणून. बाकी काही नाही.

१९ मार्च
भिंतीला आरसा टांगला, तिच्या उंचीला. मला त्यात फक्त माझी बंडी दिसते. पहाटे मागच्या दारी बांगड्या वाजल्या. शिवम्माच असणार.
(संध्याकाळी) शिवम्मा परवापासून माहेरी आहेत.

६ एप्रिल
अप्पांनी तारीखच मागितली. घाईत चौदा म्हणालो. वैनीची ओटी भरायला शिवम्मांनी खण-नारळ काढून ठेवलाय. सवाष्णीचा मान. उद्या खरं सांगणार. दोन शब्दांचं काम.

१३ एप्रिल
आज नक्की सांगणार होतो. अप्पा बैलगाडीत घालायची गादी उन्हात टाकत होते. अशा वेळी कसं सांगायचं? उद्या स्टेशनवर म्हणू, तिची गाडी चुकली असेल.

१४ एप्रिल
परभणी स्टेशन. मनमाडहून गाडी आली. अप्पा म्हणाले, कोण्या डब्यात हायती? मी इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत प्रत्येक खिडकीत बघत गेलो. लिहायला लाज वाटते, पण तेव्हा मी नाटक करत नव्हतो. मी तिला शोधत होतो.

गाडी सुटल्यावर अप्पांना सगळं सांगितलं.

परतताना अप्पा एक शब्द बोलले नाहीत. तीन महिने हीच शांतता मागत होतो, आता ती सोसवेना. मागच्या रिकाम्या गादीकडे बघायची भीती वाटत होती. शेवटी मीच विचारलं, अप्पा, जेवलात का? ते न्हाई म्हणाले.

दारात शिवम्मा उभ्या होत्या. त्यांनी गाडीत पाहिलं, मग अप्पांकडे. खण-नारळ पदराआड घेतला. मग मला विचारलं, जेवलात का, मास्तर?

पहिल्यांदाच नाही म्हणालो. त्यांनी आंबट वरण मास्तर आणि वैनी, दोघांच्या हिशेबानं केलं होतं. मी सगळं संपवलं.