ताटलीखालची नोट

३ फेब्रुवारी

"जेवू घातलं की हात पदराला पुसायचा. पुढं करायचा न्हाई."

माय हे बोलली त्याला एकोणतीस वर्षं झाली. आज बबनराव समोर बसून चहा पीत होते आणि मला तेच ऐकू येत होतं.

मी पुस्तकं लिहून देते हे ऐकून बबनराव बीडहून आले होते. परदेशी सहली नेतात — निवृत्त मास्तर, वकील, कारखान्याचे संचालक, वीस-बावीस जणांचा एकेक ग्रुप. प्रवाशांच्या हातात द्यायला त्यांना एक छोटं पुस्तक हवंय. "इमानात पट्टा कसा बांधायचा, पाणी कुठलं प्यायचं, ते मी बघतो मॅडम. तुमी फकस्त बक्षिसाचं नीट लिवा. हॉटेलात जेवून उठताना काय ठेवायचं, कुठं ठेवायचं." मागच्या साली त्यांचा ग्रुप म्हणे नऊ दिवस जेवला आणि उठताना एकानंही खिशाला हात लावला नाही. एका संचालकांनी तर उलटंच केलं. बसल्याबसल्या वाढप्याच्या खिशात नोट कोंबली — आपल्याकडं लग्नात आधी खूश करून ठेवतात तशी, म्हणजे रस्सा दाट येतो. तो पोरगा घाबरून नोट मॅनेजरला दाखवायला गेला!

मी मुंबईच्या पुढं कधी गेले नाही. तरी हो म्हणाले.

का म्हणाले ते मला माहीत आहे. ह्यातलं सगळं सांगू शकेल असं एकच माणूस मला माहीत आहे, आणि त्या माणसाला काहीतरी विचारायला मला बारा वर्षं निमित्त सापडत नव्हतं.

५ फेब्रुवारी

मोबाइलवर शोधून पानभर उतरवलं. अमेरिकेत इतके टक्के. फ्रान्समध्ये बिलातच धरलेलं. जपानात ठेवूच नये, त्यांना अवघडल्यासारखं होतं. सगळं खरं असेल. पण वाचताना बाजारभावाचा तक्ता वाचल्यासारखं वाटतं. ह्यात वाढणारं माणूस कुठंच नाही.

दुपारी डोळा लागला. आमच्या माळावर पांढऱ्या कापडाची टेबलं मांडलेली, दूरवर, क्षितिजापर्यंत. टेबलांखालून मेंढरं जातायत. बबिता, माझी धाकटी बहीण, एका हातावर चार ताटल्या तोलत येते, माझ्यासमोर एक ठेवते, तोंडाकडं न बघता पुढं जाते. मी हाक मारते तर तोंडातून आवाजाऐवजी वाफ येते.

उठले तर वाळत घातलेल्या चादरीवर राखेचा पातळ थर. वारा आज वीजकेंद्राच्या चिमणीकडून होता. चादर पुन्हा धुतली.

९ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. ह्या वहीशिवाय कुठं लिहू?

आम्ही मेंढरंवाले. त्या साली धर्मापुरीजवळ एका रानात मेंढरं बसवली होती. मी सतरा वर्षांची, बबिता बारा. परळीच्या थर्मल वीजकेंद्राचे एक इंजिनिअर जीप बंद पडली म्हणून आमच्याकडं येऊन बसले. मायनं जर्मनच्या ताटलीत भाकरी कुस्करली, वरून शेळीचं दूध. बबितानं वाढलं. ते पोटभर जेवले, ड्रायव्हरनं जीप चालू केली, ते उठून गेले. आणि ताटलीखाली दहाची नोट.

बबितानं ती उचलली. परकराच्या नेफ्यात खोचली. मी बघितलं.

आमच्यात आलेल्याला दूध-भाकरी देतात, त्याचं काही घेत नाहीत. हे मला माहीत होतं, आणि माहीत असल्याचा मला गर्व होता. मी मोठ्यानं बोलले — "माय, बबीनं पैशे घेतले." आमचे वडील, आबा, तिथंच होते, घोंगडी झटकत. मायनं ते वाक्य उच्चारलं आणि बबिताला जीपच्या मागं पळवलं. नोट परत करून ये म्हणून. अनवाणी, काट्याकुट्यातून, थेट धर्मापुरीच्या जुन्या देवळापर्यंत. जीप थांबली नाही. बबितानं नोट देवळाच्या पायरीवर दगडाखाली ठेवली आणि परत आली. पायाला रक्त. रडली नाही.

मी सांगितलं हे तिनं ऐकलं होतं का? ती तेव्हा ताटली विसळायला हौदाकडं गेली होती. मी कधी विचारलं नाही. त्या दिवसापासून ती माझ्या ताटात जेवली नाही, एवढं खरं.

पुढं ती शिकली. जहाजावर वाढपाची नोकरी, जहाजावरच्याच एका स्वयंपाक्याशी लग्न, मग अमेरिका. नायगाऱ्याच्या धबधब्याजवळ एका भारतीय हॉटेलात वाढते. लोक ताटाजवळ जे ठेवून जातात त्यावर तिचं घर चालतं. दिवाळीला एक मेसेज येतो, एक जातो. दोन वर्षांपूर्वी मी मुंबईला जाऊन व्हिसा काढून आले होते. तिला कळवलं. तिनं लिहिलं, "सध्या नको." पासपोर्ट तेव्हापासून साड्यांखाली आहे.

११ फेब्रुवारी

मेसेज केला. "बबी, एका पुस्तकासाठी विचारतेय. तिकडं जेवून उठताना किती ठेवावं?" पाठवल्यावर मोबाइल पालथा ठेवला.

१२ फेब्रुवारी

उत्तर आलं! "अठरा ते वीस टक्के. नाही ठेवलं तर कोणी मागत नाही. पण ध्यानात राहतं."

मग दहा मिनिटांनी दुसरा: "आपल्याकडचे लोक येतात इथं. मराठी बोलत आत आले की मी मारियाशी टेबल बदलून घेते. ती बिचारी घेते माझी बावीस माणसं."

का, असं विचारलं.

"कळलं की विचारतात, कुठल्या गावची. मग कोणाची. ते नको वाटतं."

मी लिहिलं, धबधबा कसा दिसतो गं. वाटलं नव्हतं उत्तर येईल. संध्याकाळी आलं: "मेंढरं उतरणीला लागल्यावानी. एकदम सगळी. थांबतच नाहीत."

तेव्हापासून तेच डोळ्यांसमोर. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

२० फेब्रुवारी

बीडला गेले होते. कोर्टाजवळच्या हॉटेलात जेवले. बिल बडीशेपेच्या ताटलीत आलं, सुटे उरले ते नेहमीसारखे तिथंच सोडणार होते. मग वाढणाऱ्या गहिनीनाथ मामांना विचारलं — साठीचे आहेत, तीस वर्षं तिथंच — की हे घेताना कसं वाटतं?

ते हसले. "घेतो की, ताई. लेकरं शिकली ह्याच्यावर. पर देणारा ताटलीकडं बघून देतो का आमच्या तोंडाकडं, तेवढं ध्यानात ऱ्हातं."

एस.टी.त पूर्ण वेळ हेच वाक्य. परळी कधी आली कळलं नाही.

८ मार्च

धर्मापुरीला मायकडं. अंगणात हरभरा निवडत बसली होती. मी तिला पुस्तकाचं पान वाचून दाखवलं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"तिला तिथं पगार न्हाई का?"

आहे, पण थोडा, म्हटलं. बाकीचं जेवणारे ठेवतात त्यातून.

"म्हंजे पाव्हण्यानं ठेवलं तर चूल पेटणार."

हो.

पुन्हा सूप घेतलं. मग खाली बघतच म्हणाली, "त्या दिशी मी बी बघितलं हुतं."

काय?

"नोट. तिनं उचलली तवाच. म्हनलं, लेकराला हौस असंल, काकनं घील जत्रंत. गप बसले. तू तुझ्या बापाम्होरं बोललीस. मंग मला बोलावंच लागलं."

ती हे रागानं बोलली नाही. हरभऱ्यातला खडा काढावा तसं काढून बाजूला ठेवलं.

मी परत येताना देवळाजवळ रिक्षा थांबवली. त्या पायरीवर बसले. भिंतीवर कोरलेल्या दगडी बाया दुपारच्या उन्हात झोपेतून उठल्यासारख्या दिसतात. एकीच्या हातात काहीतरी आहे, झिजून गेलंय, आता ओळखू येत नाही. फूल असेल. काकण असेल.

एवढी वर्षं मी मायच्या वाक्याला भीत होते. वाक्य मायचं नव्हतंच. मी तिच्या तोंडून काढून घेतलेलं.

९ मार्च

बबिताला हे सांगायला हवं. लिहिलं. पुसलं.

२२ मार्च

पुस्तक झालं. बक्षिसाचं पान असं लिहिलं:

"वाढणारीचं घर ह्यावर चालतं. आपल्याकडं हॉटेलात जेवायला घालणाऱ्याला पगार असतो असं आपण धरून चालतो. तिथं जेवणाऱ्यानं त्यात भर घालायची असते. ती भीक नाही आणि उपकारही नाही. प्रत्येकानं आपापल्या ताटाजवळ ठेवावं. देताना वाढणारीच्या तोंडाकडं बघावं. रिकाम्या हातानं उठू नये."

बबनराव फोनवर म्हणाले, लई झाक झालंय मॅडम, पर जरा भावनिक हाय. मी म्हटलं, राहू द्या.

१६ मे

ग्रुप गेला. बावीस जण. प्रत्येकाच्या पिशवीत माझं पुस्तक. रात्रपाळी करून आलेल्या रविराजांना मी चहा देताना म्हणाले, आता ते कुठवर गेले असतील? ते म्हणाले, "तू कुठवर गेलीस ते सांग आधी." नवऱ्याला कळतं.

२७ मे

सकाळी सात वाजता फोन वाजला. मेसेज नव्हे — फोन! बबिता. तिकडं आदली रात्र. मागं भांड्यांचा आवाज.

"अक्का," ती म्हणाली, "पुस्तकात चूक हाय तुझी."

माझ्या हातात दुधाचं पातेलं होतं, ते गॅसवर ठेवलं.

सगळं सांगितलं तिनं, हसत, श्वास न घेता. बबनरावांचा ग्रुप तिच्याच हॉटेलात आला. मारिया सुट्टीवर, टेबल बदलायला कोणी नाही. ती इंग्रजीच बोलत राहिली. माजलगावच्या एक वत्सलाबाई सारख्या तिच्या तोंडाकडं बघत होत्या. शेजारणीला म्हणाल्या, ही पोरगी आपल्याकडची वाटती बघ. बबिता आत निघून गेली. बाहेर आली तर टेबल रिकामं, आणि बावीस ताटल्या — एक सोडून प्रत्येकीखाली नोटा. एकेकीखाली घडी घालून, व्यवस्थित, दक्षिणा ठेवावी तशा.

आणि मोठ्या ग्रुपचं बक्षीस तिथं बिलातच धरतात! सहलवाल्यानं ते आधीच भरलेलं. मी बबिताला ग्रुपचं विचारलंच नव्हतं. त्या लोकांनी माझ्यामुळं दुप्पट दिलं.

मारिया असती तर म्हणाली असती, ठेव, देव पावला. बबितानं नोटा गोळा केल्या आणि बसच्या मागं पळाली. पार्किंगच्या टोकापर्यंत. ओरडली, तेही मराठीत — बारा वर्षांत तिथं पहिल्यांदा — "ओ, थांबा! बिलात धरलेलं हाय, दुबार नको!"

"मग?" मी विचारलं.

"थांबली की बस."



कोणी परत घेईना, म्हणाली. एक वकील म्हणाले, पुस्तकात लिहिलंय, रिकाम्या हातानं उठू नये. वत्सलाबाई खाली उतरल्या. त्यांच्याजवळ पैसे नव्हते, ते नवऱ्याजवळ. ताटलीखाली त्यांनी काही ठेवलं नव्हतं, ते त्यांना लागून राहिलेलं. पिशवीतून खण काढला, वर कुंकवाची पुडी. बबिताच्या हातावर ठेवून मूठ मिटली. कुठल्या गावची, ते विचारलंच नाही.

"घेतलास?"

"घेतला," ती म्हणाली. मग हसली. "दुसऱ्यांदा पळवलंस मला, अक्का."

मीही हसले. मागून तिला कोणीतरी हाक मारली. ती म्हणाली, ठेवते. ठेवला.

२७ मे, दुपार

दूध उतू गेलेलं पुसताना लक्षात आलं. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा तिला मायनं पळवलं होतं — घरात सगळे तेच म्हणतात.

म्हणजे तिला माहीत होतं. हौदाकडून ऐकू गेलं होतं. एकोणतीस वर्षं माहीत होतं, आणि तरी दिवाळीला एक मेसेज.

१ जून

चूक दुरुस्त करून पान पुन्हा लिहून दिलं. "ग्रुप असेल तर आधी बिल बघावं." बाकी तसंच ठेवलं.

६ जुलै

बबनराव पैसे द्यायला आले होते. मी म्हटलं, पैसे नकोत. सप्टेंबरच्या ग्रुपमध्ये एक जागा द्या, कमी पडेल ते मी भरते. त्यांनी वेळापत्रक काढलं. एकोणीस सप्टेंबर, दुपारचं जेवण, तेच हॉटेल.

पासपोर्ट साड्यांखालून काढला. डांबरगोळीचा वास.

आत्ता बबिताला पाठवलं, न पुसता:

"बबी, तू नाही म्हणशील, मला माहीत आहे. तरी एक ऐक. त्या दिवशी मायनंही नोट बघितली होती. ती गप्प बसणार होती. तुला काकणं घेऊ देणार होती. तुला पळवलं ते फक्त मी. एकोणीस सप्टेंबरला बाविसातली एक म्हणून येतेय. टेबल बदलू नकोस."