तीनदा चाळलेलं पीठ

१५ डिसेंबर
मुलाचा फोन. सुट्टीला तिघं येताहेत. नऊ वर्षांच्या नातीला गव्हाचा कणही चालत नाही. मागच्या सुट्टीत माझ्याच घरी पोट धरून बसली होती. या वेळी सुनेने गोड आवाजात सांगून टाकलंय. पोर बरी राहिली तर पूर्ण दहा दिवस इथे, नाहीतर चौथ्या दिवशी तिच्या आईकडे. म्हणजे विहीणबाईंकडे. त्यांना अंडं उकडण्यापलीकडे काही येत नाही.
निश्चय: दहा दिवस, दहा पदार्थ.

१६ डिसेंबर, सकाळी ११
ग्लूटेन-फ्री स्वयंपाक सोपा आहे. लोक उगाच बाऊ करतात. तांदळाचं पीठ, मक्याचं पीठ, नवे डबे, नवे चमचे, केकचा नवा साचा. डब्यांवर माझ्या कॉन्व्हेंटी अक्षरात लेबलं. दुकानदाराने विचारलं, नवा संसार थाटताय का.

१७ डिसेंबर
ह्यांचा ब्रेड घरातून हद्दपार. टोस्ट यापुढे बाल्कनीत. हे म्हणाले, बाहेर थंडी आहे. शाल आहे, म्हटलं.

१८ डिसेंबर
पहिला केक विटेसारखा. चूक लक्षात आली: पीठ चाळलंच नव्हतं. शाळेत पाककलेच्या सिस्टर सांगायच्या, पीठ तीनदा चाळा, त्यात हवा खेळू द्या. वर्गात मी पहिली आले तेव्हा त्यांनीच बक्षीस म्हणून चाळणी दिली. अठ्ठेचाळीस वर्षं तीच वापरतेय. गंजू नये म्हणून पाण्याचा थेंब लागू दिलेला नाही. चाळायचं, झटकायचं, खिळ्याला अडकवायचं. आजही तीच काढली. दुसरा केक पिसासारखा. सिस्टरच्या आठवणीने डोळे भरून आले.

२१ डिसेंबर
आले. नातीने केकचे दोन तुकडे खाल्ले आणि गळ्यात पडली. सुनेने एकेक पाकीट उलटसुलट करून वाचलं. खुशाल वाचू दे.

२२ डिसेंबर, दुपारी
नात पाय पोटाशी घेऊन पडलीय. प्रवासाने असेल. सुनेने पाकिटं पुन्हा वाचायला घेतली. पोटाला हलकी म्हणून बिस्किटं केली. पीठ चारदा चाळलं.

२३ डिसेंबर
पुन्हा तेच. संशय ह्यांच्यावर. टोस्टचा चुरा चपलांना चिकटून आत येतो. चपला बाहेर काढायला लावल्या. मग मीच बाहेर राहतो, म्हणाले. मक्याचं पीठ देणाऱ्यालाही फोनवर फैलावर घेतलं. रात्रीच्या सूपला दाटपणा यावा म्हणून दोन चमचे तांदळाचं पीठ घातलं. चाळून, अर्थात.

२४ डिसेंबर
सकाळी नातीने चाळणी खिळ्यावरून काढली, डोळ्यांसमोर धरली आणि खिडकीतून बाहेर बघत बसली.
"आजी, कडेला हे पांढरं काय अडकलंय?"
"पीठ गं."
"कसलं?"
अठ्ठेचाळीस वर्षं मी तिच्यातून कणीकच चाळत आले होते. सून दारातच उभी होती. तिने इतकंच विचारलं, "आई, ही कधी धुतली होती?"
गंजते, म्हटलं.
दुपारच्या गाडीने गेले. नात काचेला नाक लावून हात हलवत होती.

२६ डिसेंबर
चाळणी साबणाने घासली, उकळत्या पाण्यात घातली. संध्याकाळपर्यंत तांबूस झाली. हे बाल्कनीत टोस्ट खात होते. आत या, म्हटलं. म्हणाले, सवय झाली.

२७ डिसेंबर
नातीचा फोन. तिकडे भात, केळी, अंडी. पोट ठणठणीत, दिवसभर सायकल. त्या आजीची अंडी मधोमध मऊ असतात, असं तिने मला दोनदा सांगितलं. शेवटचे दोन दिवस इकडे येणार. सुनेची अट एकच: भात, केळी, अंडी. दुसरं काही नाही. त्यात काय मोठं? बक्षीस मिळवलेली बाई आहे मी.

२८ डिसेंबर
सहा अंडी उकडली. दगड. पुन्हा सहा उकडली. पाणी. हे निमूटपणे सगळी खाताहेत. शेवटी विहीणबाईंना फोन करून विचारलं, किती मिनिटं.
सात, म्हणाल्या. मग अगदी मायेने: आणि अंडी चाळावी लागत नाहीत हो.